पाकिटातला तुकडा

"साहेब, हा तुकडा वाढलाय," शस्त्रक्रियेचं सामान सांभाळणाऱ्या स्टोअरच्या बाई म्हणाल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी नाक मुरडलं. अशांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांचं ठाम मत होतं.

"बाई, हे कारखान्यात केलेलं कॅल्शियम फॉस्फेट आहे. हाडातलंच खनिज. मोडक्या हाडाच्या फटीत बसवलं की हाड त्याला आपलं समजतं आणि त्यात शिरून वाढतं. वाढतं ते हाड. हे नाही. दगड कधी वाढलाय?"

"काल हा आत खुळखुळत होता, साहेब. आज पाकीट फाटायला आलंय."

चारचौघांत बाईंची जिरवावी म्हणून डॉक्टरांनी ते सीलबंद पाकीट तसंच एक्स-रेखाली ठेवायला लावलं.

एक्स-रेवाल्यानं फिल्म उजेडात धरली आणि तो चाचरला. "साहेब, तुमचं बोट मध्ये आलं होतं का?"

फिल्मवर एका बोटाची तीन हाडं होती. मधलं जरा वाकडं, लहानपणी मोडून जुळलेलं. डॉक्टरांच्या उजव्या तर्जनीत होतं, तसंच.

"मूर्खांनो, मी हातसुद्धा लावला नव्हता!" डॉक्टर खेकसले आणि फिल्मवरची चूक दाखवायला त्यांनी तर्जनी उगारली.

ती उभी राहिली नाही. भिजल्या दोरीसारखी मुठीवरून खाली लोंबली.