आण्णांचा समुद्राकाठचा प्लॉट

प्रिंटर करकरला आणि दुपारचं सामसूम घर दचकलं. मांडीवरच्या लेकीला, दानेश्वरीला सावरत सुष्मितानं नकाशा फाडून घेतला. सासरे नेसरीचं शेत विकून कोकणात जो प्लॉट घेणार होते, तो वीस वर्षांत समुद्र गिळणार, असं तिचं वर्षभराचं संशोधन सांगत होतं.

"आण्णा, एवढं बघा तरी."

"कोल्हापुरात बसून समुद्राचं भविष्य सांगतीस व्हय?" आण्णा खो खो हसले. "डबडं हाय ते कॉम्प्युटर. त्याला काय कळतंय!"

मग शाहूपुरीतनं कॉम्प्युटरवर काढून आणलेली पत्रिका त्यांनी कपाळाला लावली, 'पाण्याकाठची वास्तू लाभेल' ही ओळ मोठ्यानं वाचली आणि इसार द्यायला निघाले.


दानेश्वरीनं आईची हनुवटी धरून विचारलं, "आई, पत्रिकेचं डबडं आपल्या डबड्यापेक्षा शहाणं असतंय व्हय गं?"