बेसिनखालचा नट

"पाना असा धर. उजवीकडे फिरवला की घट्ट," बेसिनखाली आडवा पडलेला खलाशी सांगत होता. "नीट बघून ठेव. परत गळायला लागलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

ती टॉर्च धरून उकिडवी बसली होती. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर बटणं लावून आत्ताच आली होती. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "बरं," एवढंच म्हणाली.

हा पाईप मोठा खोडसाळ होता. खलाशी सुट्टीवर आला की हमखास गळायचा. ओळखही त्यातूनच झाली होती. तो वरच्या मजल्यावर बहिणीकडे उतरला होता आणि नवऱ्याने टाकलेली ही बाई तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन मदत मागायला आली होती. मग पाना तिच्याकडेच राहिला. प्रत्येक सुट्टीत तो पाईप दुरुस्त करायचा, दोन घास खायचा, पोरीला समुद्राच्या थापा मारायचा आणि बोट सुटायच्या वेळी निघायचा. दोनदा त्याने लग्नाचं विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "पोरगी जरा मोठी होऊ दे, बघू." त्या 'बघू'वर माणूस किती वर्षं काढणार? शेवटी बहिणीने दुसरीकडे जमवलं. त्याने मान डोलावली. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. आत सगळं बधिर होतं.

"पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं," पाईपलाच सांगावं तसं तो म्हणाला. "यापुढे इकडे येणं व्हायचं नाही."

टॉर्चचा उजेड जरासुद्धा हलला नाही. हिला कधी काही वाटलंच नव्हतं, खलाशाची खात्री पटली. बरं झालं, सुटलो एकदाचा, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. बाहेरच्या खोलीत पोरगी मोठ्याने धडा वाचत होती.

"सरक," ती म्हणाली.

तिने टॉर्च त्याच्या हातात दिली, पाना घेतला आणि न बघताच हात आत घातला. नट तिला चाचपडावा लागला नाही. दोन वेढे, शेवटी एक बेताचा हिसका. गळती थांबली.

खलाशी उठून बसला. "तुला येतं हे?"

तिने पाना पदराला पुसला.

"मग दरवेळी तू यायच्या आदल्या दिवशी तो सैल कोण करत होतं?"