न दिसलेला चेहरा

प्रयोगात पडद्यावरचा हसरा चेहरा पापणी लवायच्या आत येऊन जायचा. असा न दिसलेला चेहराही माणसाचं मन खुलवतो, असं एका शोधनिबंधात छापून आलं होतं. जयाने जिल्ह्यातल्या चार गावांत तोच प्रयोग केला. सोनईत थोडा फरक पडला. बाकी तीन गावांत काहीच नाही. "बाई, दिसलंच न्हाई तर खुलायचं कशानं?" राळेगणच्या कडूबाईंनी तोंडावरच विचारलं होतं.

"काहीच घडलं नाही, हे कोण छापणार? फक्त सोनईचं पाठव," कॉलेजातले विभागप्रमुख सर म्हणायचे. "शोधनिबंधाशिवाय नोकरी कायम व्हायची नाही." दोन वर्षं जयाने ते टाळलं.

परवा नगरच्या परिषदेत मूळ प्रयोग करणाऱ्या कडलग मॅडम भेटल्या. जयाने धीर करून विचारलं, "मॅडम, तुमच्यासारखा निकाल मला तीन गावांत आलाच नाही. माझं कुठे चुकलं?"

मॅडमनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "चुकलं काही नाही गं. मलाही पाचांतल्या एकाच गावात आला होता. तेवढाच छापला."

जयाने तिथूनच सरांना फोन लावला.



"सर, बाकीची तीन गावं मी गाळते."