काचेतला डाग

पादुआच्या विद्यापीठातले म्हातारे प्राध्यापक लोदोविको यांचा त्या नव्या दुर्बिणीवर काडीचाही विश्वास नव्हता. तिच्यातून म्हणे चंद्रावर डोंगर दिसतात! "डोंगर कसले? काचेतले डाग आहेत ते. खोटारडी नळी आहे ती," असं ते रोज जेवणाच्या मेजावर पाहुण्यांना ठणकावून सांगत. त्यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहून काढलं होतं. आता ते छापखान्यात जायचं तेवढं बाकी होतं.

तरी मनात पाल चुकचुकलीच. म्हणून त्यांनी एका मित्राची दुर्बीण मागून आणली आणि भरदुपारी गच्चीवरून लांबच्या आपल्या द्राक्षमळ्याकडे रोखली. मळा अगदी हाताशी आला. तळघराचं दार दिसलं. त्या दारातून त्यांचा कारभारी मेनेगो वाइनचं पिंप ढकलत बाहेर आला आणि त्यानं ते एका परक्या गाडीवर चढवलं.

संध्याकाळी मेनेगो घरी येताच प्राध्यापक कडाडले, "चोरा! वर्षभर संशय होताच मला. आज या डोळ्यांनी पाहिलं!"

"कुठून पाहिलंत, मालक?"

"गच्चीवरून. दुर्बिणीतून."

मेनेगोनं शांतपणे त्यांचा पेला भरला. रोज पाहुण्यांचे पेले भरताना त्यानं सगळं ऐकलेलं होतं.

"मग काचेतला डाग असेल, मालक."

प्राध्यापकांनी मेजावरच्या हस्तलिखिताकडे पाहिलं, मग मेनेगोकडे. शेवटी त्यांनी तो गठ्ठा मेनेगोपुढे सरकवला. "हे छापखान्यात पोचतं कर."

"मळ्यावर उद्याही गाडी यायचीच आहे, मालक," मेनेगो म्हणाला, "तिच्यातूनच पाठवतो."