खंडेनवमीची डिस्क

"बॅकअप नाही म्हणजे काय? पगार कशाचा घेतेस?" स्टुडिओमालक सरपोतदार कडाडले. मुख्य कॉम्प्युटर सकाळीच बंद पडला होता आणि लग्नाचे फोटो न्यायला आलेलं जोडपं बाहेर बसलं होतं.

वृषालीने बॅकअपची डिस्क लॅपटॉपला जोडून तपासली. खंडेनवमीपर्यंतचं सगळं जागच्या जागी होतं. त्यानंतरचं एकही लग्न डिस्कवर उतरलेलं नव्हतं.

"कॉपी चालू असताना कुणीतरी ही उपटून काढली. फाइल सिस्टिम तेव्हाच बिघडली. एरर येतेय म्हणून मी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, आधी अल्बम संपव."

"कुणी काढली? नाव सांग, आत्ता हाकलतो त्याला."

तिने डिस्क उलटी करून त्यांच्यापुढे सरकवली. पाठीवर कुंकवाचं बोट वाळलेलं होतं. खंडेनवमीला कॅमेरे, डिस्क सगळं पाटावर मांडून पूजा सरपोतदारच करत; दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

त्यांनी अंगठ्याच्या नखाने कुंकू खरवडलं, टेबलावर पडलेली पूड फुंकून टाकली. मग दार उघडून बाहेरच्या जोडप्याला म्हणाले, "आमच्याकडे कामाला असलेल्या मुलीने घोळ घातला. आत्ताच हाकललं तिला."