सेनाइतचा गणिताचा पेपर

लेमलेमनं कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या आणि आधी रेडिओचा आवाज वाढवला. भिंतींना कान असतात म्हणतात. असमारा शहरात तर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही असतात.

बिया भाजून धूर सोडणारी लांब दांड्याची पळी तिनं रिवाजाप्रमाणे पाहुणीच्या नाकाशी नेली. पाहुणी म्हणजे तिची थोरली नणंद, अल्गानेश. स्वातंत्र्याच्या लढाईत बंदूक घेऊन लढलेली, आता शाळेत अकरावीला गणित शिकवणारी. अल्गानेशनं हातानं धूर अंगावर ओढून घेतला.

"छान. आता काम सांग. उगाच मला कुणी भरदुपारी बोलावत नाही."

लेमलेमनं घाईनं बिया कुटायला घेतल्या. "आधी कॉफी तर घ्या, वन्सं."

पहिली कॉफी झाली. कडक होती, पण लेमलेमच्या जिभेला चवच नव्हती. तिची मुलगी सेनाइत मक्याच्या लाह्यांची परडी मधे ठेवून दाराशी जाऊन उभी राहिली.

"उद्या गणिताचा पेपर आहे," लेमलेम एकदम म्हणाली. "तपासणार तुम्हीच. हिला नापास करा."

अल्गानेश हसलीच. "वर्गात पहिल्या येणाऱ्या पोरीला? लोक मला वेड्यात काढतील."

"काढू देत. अकरावी पास झाली की सगळ्यांसारखी बारावी लष्करी छावणीत, आणि तिथून सरळ अंगावर वर्दी. नापास झाली तर वर्षभर तरी घरात राहील. तोवर सुचेल काहीतरी."

"मग तिलाच सांग की, चुकीचं लिही म्हणून."

"सांगितलं नसेल का मी? विचारा तिलाच."

सेनाइतनं मान खाली घातली. "फिजिक्सला केला प्रयत्न, आत्या. दोन उत्तरं मुद्दाम चुकवली. मग वेळ उरला, तर खोडून बरोबर केली. तशीच ठेवून उठवेना गं."

हे ऐकून अल्गानेशला मनातून बरं वाटलं. शिक्षकाची जात ती. पण चेहरा तिनं तसाच ठेवला.

"हे बघ लेमलेम. आम्ही बंदुका मागितल्या तेव्हा पुरुष म्हणाले, बायकांनी भाकरी भाजावी. त्यांच्या नाकावर टिच्चून आम्ही खंदकात राहिलो. आता पोरगे जाणार आणि पोरी पडद्यामागे लपणार? मग आम्ही लढलो कशाला?"

"तुम्ही गेलात, वन्सं. तुम्हाला कुणी नेलं नव्हतं. सासूबाईंनी दाराला कडी घातली, तर खिडकीतून उडी मारून गेलात. ही कुठल्या खिडकीतून उडी मारणार, सांगा ना!"

 अल्गानेशनं दुसरी कॉफी एका घोटात संपवली आणि ती उठली. तिसरी कॉफी आशीर्वादाची. ती न घेता उठणं म्हणजे तोंडावर नाही म्हणणं.  अल्गानेशनं पाय प्लास्टिकच्या काळ्या सँडलमध्ये सरकवले. लढाईत सगळे घालायचे तसल्याच, ती अजून त्याच घालायची.

तेवढ्यात गल्लीत एक जड गाडी येऊन थांबली. ब्रेक करकरले. कुत्री भुंकायला लागली. पोरांना उचलून नेणाऱ्या लष्कराच्या गाड्या अशाच यायच्या.

लेमलेमनं सेनाइतचं मनगट धरलं आणि तिला पलंगामागे ओढलं. शेगडीला पाय लागून निखारे सांडले, तरी तिचं लक्ष नव्हतं. रेडिओवर कुणीतरी मोठमोठ्यानं गात होतं. बाहेर माणसांचे आवाज, मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.

"पाण्याचा टँकर आहे," अल्गानेश म्हणाली.

ती दारात आडवी उभी होती. दोन्ही हात चौकटीला लावून. अशी केव्हा उभी राहिली, तिचं तिलाही कळलं नव्हतं. तिनं हात खाली घेतले.

सेनाइत पलंगामागून बाहेर आली. "आत्या, तू गेलीस तेव्हा परत कधी येणार, ते माहीत होतं तुला?"

"युद्ध संपलं की."

"आणि मी?"

अल्गानेशनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत तिचा भाऊ, म्हणजे या पोरीचा बाप, वर्दीत होता. त्यानं ती चढवली तेव्हा सेनाइत जन्मलीही नव्हती. अजून तो घरी येतो तो सुट्टीवरच.

"मला भीती नाही वाटत, आत्या," सेनाइत म्हणाली. "मुलगे जातात तर मीही जाईन. परत यायची तारीख सांगा कुणीतरी, मी आत्ता पिशवी भरते."

 बाहेर बायकांची पाण्यासाठी भांडणं सुरू झाली होती.

अल्गानेशनं सँडल काढल्या. येऊन पुन्हा चटईवर बसली, सांडलेले निखारे चिमट्यानं उचलून शेगडीत टाकले. "लेमलेम, तिसरी ओत."

लेमलेमनं ओतली. निम्मी खाली गेली. तिसरी कॉफी पातळच असते. अल्गानेश ती बराच वेळ पीत राहिली. मग सेनाइतला म्हणाली, "उद्याचा पेपर नीट लिही. एकही गणित सोडायचं नाही. एकही चूक नको."

"वन्सं!" लेमलेमचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, पाया पडते तुमच्या…"

"लिहू दे तिला नीट," अल्गानेश म्हणाली. "चुका मी करीन."