शाफ्टवरची सुई

हामामात्सुच्या मोटार-चाचणी खोलीत तोकुनागा तीन दिवस जुंपलेला होता. पोलादी शाफ्ट काढून हलका कार्बनचा बसवला, तीनदा सरळ रेषेत आणला. आता सुई स्थिर राहिली की घरी जायचं.

मशीन बंद होतं, तरी शाफ्टची थरथर मोजायला टेकवलेल्या डायल गेजची सुई एका लयीत उडत होती.

"तोकुनागासान, शाफ्टला गुदगुल्या करताय का?" तरुण साहेब कुरिबायाशी वैतागला.

"हात तरी लावलाय का मी?"

"मग गेजच बिघडलंय. मनगटावर धरून बघा. नाडीनं सुई हलली तर गेज चांगलं."

तोकुनागाने गेज मनगटावर धरलं. सुई ढिम्म हलेना.

"बघा! गेज मेलंय, शाफ्ट ठणठणीत आहे. सुटलो!"

तोकुनागाने बोटांनी नाडी चाचपली. मग गळ्यापाशी. कुठेच काही लागेना. त्याने घाबरत शाफ्टवर तळवा ठेवला. आत काहीतरी दमल्यासारखं ठोके देत होतं.

"सरका बाजूला," म्हणत साहेबाने झाकण लावलं आणि नियमाप्रमाणे एकेका गोष्टीकडे बोट दाखवत तो ओरडायला लागला. "झाकण, ठीक! माणूस दूर, ठीक! मिनिटाला वीस हजार फेरे, ठीक!"

आणि तेच बोट हिरव्या बटणावर टेकलं.